रेडिओ सरकारचा, गाणं आमचं

अध्यक्षमहाराज, आणि दोनच पंखे फिरत असताना इथे येऊन बसलेले तुम्ही सगळे शूरवीर, नमस्कार.

आधी एक दुरुस्ती. बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय ‘आफ्रिकेतील जंगलगीते : एक स्मरणरंजन’ असा लिहिलाय. अक्षर सुरेख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जंगलाशी माझा काडीचा संबंध आलेला नाही. मी झांबियात किट्वे नावाच्या गावात नऊ वर्षं गणित शिकवलं. तांब्याच्या खाणींचं गाव. धूर, रूळ, पाळी बदलल्याचे भोंगे. सिंह मी पाहिला तो पेशवे पार्कात, आणि तोही झोपलेला होता.

दुसरा शब्द ‘स्मरणरंजन’. यातल्या ‘रंजन’शी माझं भांडण आहे आणि ते मांडायलाच मी आलोय. प्रश्न असा की, ज्या काळात माणसं भरडली गेली, त्याच काळातली गाणी त्याच माणसांना पुढे गोड का लागतात? त्यात काही लबाडी आहे का? पन्नास मिनिटांत मी याचं उत्तर देणार आहे. हसू नका, देणार आहे. शिवाय हा टेपरेकॉर्डर बघा. शेजाऱ्यांकडून मागून आणलाय. शेवटी एक गाणं ऐकवणार.

पण जंगलावरून निघालंच आहे, तर ते सिंहाचं गाणं आधी संपवू. हो, तेच. म्हणा. ‘अविमबवे, अविमबवे...’ वा! बघा, सगळ्यांना येतं. पोरांना कार्टूनमुळे, आपल्याला वाद्यवृंदांमुळे. मलाही येत होतं. १९७८च्या आसपासची गोष्ट. किट्वेत संध्याकाळी अंगणात बसून मी हे गुणगुणत होतो. कुंपणापलीकडे आमचे शेजारी, खाणीतल्या मालगाडीचे ड्रायव्हर. मला ‘बा टीचर’ म्हणायचे. हे ‘बा’ म्हणजे आपलं ‘राव’, फक्त नावाच्या पुढे बसलेलं. ते कुंपणाशी आले आणि म्हणाले, “बा टीचर, तुम्ही जे म्हणताय तो शब्दच नाही.”

मला राग आला. गणिताच्या मास्तराला चूक दाखवली की येतो तसा. मी म्हटलं, अहो, साऱ्या जगाला ठाऊक असलेलं गाणं आहे, अमेरिकन आहे. ते काही बोलले नाहीत. घरात गेले आणि एक जाड काळी तबकडी घेऊन आले. मिनिटाला ७८ फेऱ्यांची. कडेला टवका उडालेला. त्यांचे वडील न्यासालँडमधून, म्हणजे आताच्या मलावीतून, ‘वेनेला’तर्फे जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीत गेले होते. वेनेला म्हणजे मजूरभरती करणारी संस्था. करार संपला की गडी घरी परतायचा तो पत्र्याची पेटी, घोंगडी आणि जमलं तर ग्रामोफोन घेऊन. त्या पेटीतली ही तबकडी. गाण्याचं नाव ‘म्बुबे’. म्हणजे सिंह.

सॉलोमन लिंडा. हे नाव आज घरी घेऊन जा, बाकी काही नेलं नाही तरी चालेल. दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातल्या म्सिंगा भागातला झुलू मुलगा. गुरं राखणारा. जोहान्सबर्गला आला आणि गॅलो नावाच्या रेकॉर्ड कंपनीत तबकड्या बांधायच्या कामाला लागला. त्याच्या जोडीला सोबती घेऊन गाणंही चाललेलं. १९३९ साली त्याच कंपनीच्या स्टुडिओत यांचं ध्वनिमुद्रण झालं. पहिला टेक फसला, दुसराही फसला. तिसऱ्यात शेवटी-शेवटी या पठ्ठ्याने वरच्या पट्टीत एक सूर असा सोडला की, तुम्ही आत्ता जी चाल गुणगुणलात ना, ती तिथेच जन्मली. काही सेकंदांत. नियोजन शून्य. आमच्याकडे आलापीत होतं तसं म्हणा हवं तर.

गाण्याचे सगळे हक्क गेले दहा शिलिंगांना. तबकडी तिकडे लाखभर खपली म्हणतात. एक प्रत अमेरिकेला पोचली. तिथल्या गायकाने झुलू शब्द कान देऊन लिहून काढले. लिंडा म्हणत होता ‘उयिम्बुबे’, तू सिंह आहेस. याला ऐकू आलं ‘विमोवे’. झालं. १९६१मध्ये त्यावर इंग्रजी शब्द चढले, त्यात जंगल आलं आणि सिंह झोपला. अहो, म्सिंगात उघडेबोडके डोंगर आहेत, जंगल आणलंत कुठून? (इथे फळा लिहिणाऱ्याने मनाला लावून घेऊ नये.)

लिंडा १९६२ला गेला. कफल्लक. थडग्यावर दगड बसायला अठरा वर्षं लागली. १९९४च्या कार्टूनपटात गाणं वाजलं, जगभर पैसा झाला, आणि २००० साली तिकडच्याच एका पत्रकाराने हे सगळं प्रकरण उजेडात आणलं. खटला होऊन २००६मध्ये त्याच्या मुलींशी तडजोड झाली. म्हणजे ध्वनिमुद्रणानंतर किती वर्षांनी? सदुसष्ट. गणित आहे, तोंडी करा.

शेजाऱ्यांनी तेव्हा मला यातलं काही सांगितलं नाही, त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त तबकडी लावली आणि वडिलांनी सांगितलेलं सांगितलं. खाण कामगारांची राहण्याची जागा म्हणजे नुसत्या पुरुषांच्या वसाहती. बायकापोरांना परवानगी नाही. शनिवारी रात्री गाण्याच्या स्पर्धा, पहाटेपर्यंत. नाचायचं, पण पाय न वाजवता, मांजरासारखे टाकत. या गाण्याला पुढे ‘इसिकाथामिया’ म्हणू लागले, त्या नावाच्या मुळाशीच दबकत पाऊल टाकणं आहे. आणि परीक्षक कोण? रस्त्यावरून जाणारा एखादा गोरा धरून आणायचे! त्याला भाषा कळत नाही, कोण कुठल्या गावचा ते कळत नाही, म्हणजे पक्षपाताची भीती नाही. आपल्या भजनस्पर्धांना ही पद्धत लागू करावी असं मी या संस्थेला लेखी सुचवणार आहे.

(टाळ्या नकोत, वेळ जातो.)

तर किट्वे. मी तिथे असताना दक्षिणेकडे जायची सोय नव्हती. आपल्या पासपोर्टवरच छापलेलं असायचं, दक्षिण आफ्रिकेसाठी वैध नाही. आपण १९४६पासून त्यांच्याशी व्यापार तोडलेला. त्यामुळे तो देश मला रेडिओतून आणि शेजाऱ्यांच्या पेटीतून भेटला. आणि रोज सकाळी शाळेच्या प्रार्थनेत. झांबियाचं राष्ट्रगीत आहे ना, त्याची चाल एनॉक सोंटोंगा नावाच्या जोहान्सबर्गच्या शिक्षकाने १८९७ साली बांधलेली. ‘न्कोसी सिकेलेल’. आमची पोरं मैदानात ती चाल राष्ट्रगीत म्हणून ताठ उभी राहून गात. लिंपोपो नदीच्या पलीकडे, दक्षिण आफ्रिकेत, हीच चाल गाणाऱ्यांवर पोलीस सोडले जात.

आता रेडिओविषयी दोन मिनिटं. लुसाकाच्या, म्हणजे झांबियाच्या राजधानीतल्या, केंद्रासाठी १९४९ साली एक स्वस्त रेडिओ निघाला. पाच पौंडांत. बॅटरीवर चालणारा, गोल, निळा. त्याचा सांगाडा स्वयंपाकाच्या पातेल्यासारखा, म्हणून नावच पडलं सॉसपॅन रेडिओ. वीज नसलेल्या खेड्यात एक पातेलं आणि भोवती सगळं गाव. शेजाऱ्यांकडे ते होतं. बंद पडलेलं, पण फडताळात मानाने ठेवलेलं. त्यांची आई त्याच्यावर विणलेला रुमाल घालायची. आमच्या घरी टीव्हीवर असायचा तसाच.

त्या पातेल्यातून घराघरांत पोचलेला माणूस म्हणजे अॅलिक न्खाटा. लुसाका केंद्राचा निवेदक, संग्राहक आणि गायक. गिटार घेऊन बेंबा भाषेत गायचा. त्याचं एक गाणं ‘शालापो’. बेंबात निघणारा माणूस मागे राहणाऱ्याला म्हणतो शालापो. म्हणजे राहा. नीट राहा. आपण काय म्हणतो? ‘येतो.’ निघालेलो असतो आणि म्हणतो येतो. आपला सगळा जीव परत येण्यात. त्यांच्याकडे जाणाऱ्याची चिंता मागे उरलेल्याबद्दल. ज्या मुलखातले पुरुष दोन-दोन वर्षांच्या करारावर शेकडो मैल जात होते, तिथे हा शब्द किती वेळा उच्चारला गेला असेल याचा हिशोब मला मांडता आलेला नाही.

न्खाटा निवृत्त होऊन म्कुशीकडे शेती करत होता. १९७८मध्ये ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आताच्या झिम्बाब्वेच्या, सैन्याने त्या भागातल्या गनिमांच्या तळावर हल्ला केला, त्यात तो मारला गेला. शेजाऱ्यांनी त्या संध्याकाळी मालगाडीचा गणवेशसुद्धा उतरवला नव्हता. अंगणात स्टुलावर बसून होते. मी कुंपणाशी गेलो, तर म्हणाले, “बा टीचर, आज तुमचं ते विमोवे नको.”

हे सांगताना मला ती वर्षं फार जवळची वाटतात. संध्याकाळ, मक्याच्या पिठाची उकड, म्हणजे न्शिमा, कुंपणावरून आलेली वाटी, गाणी. मी हे घरी बोललो की पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या सौभाग्यवती म्हणतात, “हो ना. आणि तेलासाठी रांगेत कोण उभं होतं?” खरं आहे. तांब्याचा भाव कोसळला होता आणि दुकानं रिकामी. तेल नाही, साबण नाही. तेल आलं अशी हूल उठली की बायका डबे घेऊन धावत. ही सहा-सहा तास उभी राहिलीय, कडेवर पोर घेऊन. मी तेव्हा तबकड्या ऐकत होतो. तर माझी आठवण खरी की हिची? मी तुम्हाला...

ही चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ बरं. अजून मूळ मुद्दा सुरू व्हायचाय.

तर मूळ मुद्दा. भराभर सांगतो.

सोफियाटाउन. जोहान्सबर्गची वस्ती, जिथे काळ्या माणसांना स्वतःच्या नावावर घर घेता येत होतं. जॅझ, गुंड, शाळा, पत्रकार, बेकायदा गुत्ते, सगळं एका जागी. फेब्रुवारी १९५५मध्ये पोलीस आले, सामान ट्रकांत भरलं आणि माणसं मेडोलँड्सला नेऊन टाकली. रिकाम्या जागी गोऱ्यांची वसाहत झाली, तिचं नाव काय ठेवलं? ‘ट्रिओम्फ’. विजय. वर्षभरात स्ट्राइक विलाकाझीचं ‘मेडोलँड्स’ गाणं आलं. ठेका असा की पाय थांबत नाहीत. सरकारी लोक खूश, वाटलं लोक आनंदाने चाललेत. ऐकणाऱ्यांना त्यातला टोमणा बरोबर कळत होता. आज तिकडची म्हातारी माणसं त्यावर नाचतात. कशावर नाचतात? घरं पाडल्यावर? ते जिथे पाडलं गेलं नाही अशा एका जागेत नाचतात. थांबा, हे मी नीट बोललो नाही. पुढे येतो.

मिरियम मकेबा. १९५९मध्ये देशाबाहेर पडली. पुढच्या वर्षी आईच्या अंत्यविधीसाठी परतायला निघाली, तर पासपोर्ट रद्द झालेला. १९९०पर्यंत तिला घर दिसलं नाही. तिचं ‘पाटा पाटा’ जगभर नाचाचं गाणं म्हणून वाजलं. २००८ला इटलीत तेच गाऊन रंगमंचावरून उतरली आणि कोसळली, ती गेलीच.

आणि सरकारी रेडिओ. हा माझा मुख्य पुरावा. दक्षिण आफ्रिकेच्या नभोवाणीत नको असलेलं गाणं एलपीवर असलं, तर तेवढीच पट्टी टोकदार हत्याराने खरवडून ठेवत. सुई लागूच नये. अशा तबकड्या आजही संग्रहात आहेत. काळ्या जनतेसाठी भाषेभाषेची वेगळी स्टेशनं काढली, ती माणसं आपापल्या खणात राहावीत म्हणून. गोरी पोरं सरकारी स्टेशनाला कंटाळून पलीकडच्या मोझांबिकमधलं लॉरेंसो मार्क्सचं लावत, १९७५पर्यंत. (आपल्याकडे केसकर मंत्री असताना सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून हद्दपार झाली, तेव्हा आपण नाही का सिलोन लावलं?) तर असा हा रेडिओ. दुष्ट हेतूचा. आणि जेकब डलामिनी नावाचा इतिहासकार, कॅटलेहाँग वस्तीत वाढलेला, २००९च्या पुस्तकात लिहितो की आपल्याला त्या वस्तीतलं बालपण प्रेमाने आठवतं, त्यात आईचा तो रेडिओही येतो. वर्णद्वेष परत यावा असं त्याला मुळीच म्हणायचं नाही. लोक चिडले. मला वाटतं, तो बरोबर आहे. राज्यकर्त्यांनी काळ्या माणसाचा पत्ता ठरवला, नोकरी ठरवली, कुठल्या बाकावर बसायचं ते ठरवलं. शनिवारची रात्र मात्र त्याने स्वतः रचली. म्हातारपणी तो जे परत मागतोय ते त्याचं स्वतःचं काम आहे. ते वाईट काळात झालं म्हणून त्याने टाकून द्यावं, हे सांगणारे आपण कोण?

आणि लबाडी कुठे सुरू होते? रांगेत उभं राहिलेल्या माणसाऐवजी अंगणात बसलेला माणूस आठवण सांगू लागला की. म्हणजे माझ्यापासून. अजून दोन मुद्दे होते, तिकडचा ट्रम्पेटवादक मासेकेला, त्याच्या आगगाडीच्या गाण्याचा आणि... राहू द्या, चिटणीस उभे राहिलेत.

गाणं तेवढं ऐकवतो. १९८४मध्ये आम्ही निघालो, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांच्या रेडिओवरून टेप केलेली ही कॅसेट दिली. माइक बाहेर ठेवून घेतलेलं आहे, खरखर आहे. सुरुवातीला कोंबडा आरवतो, तो किट्वेचा. मग एक बाई मराठीत ओरडतेय, “अहो, तेल आलंय, डबा कुठंय?” ती कोण, ते पहिल्या रांगेत विचारा.

गाणं त्याच्यानंतर आहे. जरा पंखे बंद करता का?