हळदीचा रुमाल, चुन्याचं बोट

(सांगलीत हौशी रंगकर्मींसाठी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विनोदी खूननाट्य करायचं ठरलं की पहिली चर्चा रंगते ती खुनी कोण होणार याची. खरं तर आधी ठरवायला हवं, प्रेक्षक नेमका कुठे हसणार. कारण हशा पुढचं वाक्य खातो. ते वाक्य पुराव्याचं असेल, तर उलगडा झाल्यावर प्रेक्षक म्हणतो, 'हे आम्हाला सांगितलंच नव्हतं.' आणि त्याचं बरोबर असतं.

म्हणून पुरावा हशाच्या आधी यायला हवा, विनोदाच्या तयारीतच. उदाहरण आपल्या गावचंच घेऊ. मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या दिवाणखान्यात मरून पडलाय. दिवाणजी शपथेवर सांगतात, 'आज मी गोदामाकडे फिरकलोच नाही.' त्यांच्या पांढऱ्या रुमालावर मात्र बोटांचे पिवळे डाग आहेत. हवालदार तंबाखू मळता मळता रुमाल उचलतो, चुन्याचं बोट डागाला लागतं, डाग तांबडा होतो आणि 'रक्त, रक्त!' म्हणत घरभर पळापळ सुरू होते. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो हे सांगलीच्या प्रेक्षकाला काय सांगायचं? तो हसतो. पण डाग आधी पिवळा होता, म्हणजे दिवाणजी गोदामात जाऊन आले होते, ही खरी गोष्ट हशाच्या आधीच त्याच्या डोळ्यांसमोरून गेलेली असते. लपवलं काहीच नाही, तरी लपलं.

आता हा रुमाल तयार कसा करायचा? कापड सुती घ्या, टेरिकॉटवर हळद नीट धरत नाही. चमचाभर हळद थोड्या पाण्यात दाटसर कालवून तीन बोटांचे ठसे उमटवा आणि सावलीत वाळवा. उन्हात हळदीचा रंग उडतो. वाळल्यावर झटका, नाहीतर पिवळी पूड सगळ्या वेशभूषेला लागेल. डबीतला चुना ओला हवा. कोरडा चुना नुसता पांढरा दिसतो, रंग पालटत नाही. पहिली घंटा होण्याआधी डबीत दोन थेंब पाणी घालायची जबाबदारी प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, सांभाळणाऱ्या एकाच माणसावर टाका. दोघांवर टाकली की कुणीच घालत नाही. प्रत्येक प्रयोगाला नवा रुमाल, विंगेत एक जादा.

इथे घात करतो तो प्रकाश. दिवाणखाना उबदार दिसावा म्हणून दिव्यांपुढे सरसकट अंबर जिलेटिन, म्हणजे पिवळसर पारदर्शक कागद, लावतात आणि त्या उजेडात पांढऱ्यावरचा पिवळा डाग जवळपास नाहीसा होतो. तांबड्या प्रकाशात तांबडा डाग जातो, निळ्यात तो काळपट होतो. रुमाल ज्या जागी उघडणार, तिथे एक दिवा बिनजिलेटिनचा ठेवा आणि रंगीत तालमीत शेवटच्या रांगेत बसून तपासा.

प्रेताचं काम सगळ्यात अवघड, आणि नेमकं ते नवख्याला देतात. उताणं झोपवलं की पोट वरखाली होताना दिसतं. कुशीवर, प्रेक्षकांकडे पाठ करून किंवा सोफ्यामागे फक्त पाय दिसतील असं पाडा. रंगमंच ओल्या फडक्याने पुसून घ्या, धुळीने प्रेत शिंकतं. रक्त हवंच असेल तर केकच्या सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज अर्धी वाटी, दोन चमचे पाणी, लाल खाद्यरंग आणि चिमूटभर कोको, म्हणजे गुलाबी झाक जाते. पण हा गोड माल आहे. मुंग्या येतात, आणि प्रेताला खाजवता येत नाही. विनोदी नाटकात रक्त कमीच बरं. जास्त झालं की प्रेक्षक हसायचा थांबतो.

सुरा आत सरकणाऱ्या पात्याचा आणू नका, पातं अडकलं तर इजा होते. चंदेरी रंगाचा बोथट लाकडी सुरा, आणि वार प्रेक्षकांपासून लांबच्या बाजूने, काख आणि बरगडी यांच्यामधून. गोळीचा आवाज रेकॉर्डवर ठेवला तर उशिरा वाजतो. त्यापेक्षा विंगेत जाड फळीचं एक टोक पायाखाली दाबून दुसरं टोक उचलायचं आणि सोडायचं. फळी कधी हँग होत नाही.

आता पदरच्या वाक्यांचा विषय. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी जुळवून बोलायची. तिथे ते चालत होतं, कारण धनुष्य कोण मोडणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक होतं. आपल्या नाटकात ठाऊक नसतं. हशा मिळतोय म्हणून हवालदाराने एक वाक्य वाढवलं की पुढचं पुराव्याचं वाक्य त्या हशाखाली सापडलंच. म्हणून संहितेत पुराव्याच्या वाक्यांखाली लाल रेघ मारा. त्यांच्या मागेपुढे कुणीही काही घालायचं नाही. प्रत्येक लाल वाक्याला एक राखीव मालकही नेमा. दिवाणजी गोदामाचं वाक्य विसरले तर मोलकरणीने विचारायचं, 'दिवाणजी, आज गोदामाकडे गेला न्हाईसा?'

तालमीत हसायला कुणी नसतं, त्यामुळे टायमिंग खोटं बसतं. दिग्दर्शकाने हशाच्या जागी तीन-चार सेकंद टाळ्या वाजवाव्यात. हशा ओसरू लागला, पण पुरता थांबला नाही, तिथे पुढचं वाक्य उचलायचं. पूर्ण शांतता होऊ दिली की गाडी पुन्हा पहिल्या गिअरमध्ये टाकावी लागते.

शेवटचा प्रवेश आधी बसवा. नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमी करणाऱ्या संस्थांत नेहमी पहिला अंक घोटून होतो आणि उलगडा घाईत उरकतो. उलगडा दहा मिनिटांच्या वर नको. गुप्तहेर बोलत असताना बाकीच्यांनी हशा मागायचा नाही.

रंगीत तालमीला वीस-पंचवीस तिऱ्हाईत बोलवा. घरची माणसं नकोत, त्यांनी घरी पाठांतर ऐकलेलं असतं. मध्यंतरात चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहून घ्या. बहुतेकांनी बरोबर लिहिलं तर पुरावा फार ढळढळीत आहे, एकानेही नाही तर तो पोचलेलाच नाही. चार-पाच जणांनी बरोबर ओळखलं तर हात लावू नका.

आणि 'खुनी कोण ते बाहेर सांगू नका' ही विनंती पात्रं ओळख करून द्यायला येण्याआधी करा. नंतर केलीत तर कुणी ऐकत नाही, तोवर लोक गाडीची किल्ली शोधत असतात.