माहूर : तीन मुलखांच्या सांध्यावर

नांदेडहून उत्तरेकडे निघालेला रस्ता काळ्या रानाची सपाटी मागे टाकून किनवट-माहूरच्या डोंगरांत शिरतो, तेव्हा मराठवाडा म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी उघडी माळराने आणि बाभळी मागे पडतात आणि सागाचे जंगल सुरू होते. माहूर याच डोंगरांत वसले आहे. अजिंठ्याच्या रांगेत, बुलढाणा जिल्ह्यात उगम पावलेली पैनगंगा या डोंगरांना वळसा घालून पुढे वर्धा नदीला मिळते. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. आणि पूर्वेला डोंगर उतरले की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा.

आजच्या नकाशावर माहूर मराठवाड्याच्या टोकाला दिसते, एवढ्यावरून त्याला आडवळणी समजणे मात्र घाईचे ठरेल. 15व्या शतकाच्या उत्तरार्धात बहमनी वजीर महमूद गावान याने सुभेदारांचे बळ कमी करण्यासाठी चार प्रांतांचे आठ केले, तेव्हा वऱ्हाडचे जे दोन भाग पडले, त्यांतल्या एकाचे ठाणे गाविलगड होते आणि दुसऱ्याचे माहूर. वऱ्हाडातून तेलंगणात उतरणाऱ्या वाटेवर ज्याचा पहारा, त्याच्या हाती दोन्हीकडच्या नाड्या, हे त्यामागचे साधे गणित होते. पुढे इमादशाही, निजामशाही आणि मोगल अशा सत्ता बदलत गेल्या, तरी कोणीही हा किल्ला मोकळा सोडला नाही. बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत उतरलेल्या शहाजहानने गोवळकोंड्याच्या मुलखाकडे जाताना आपले हत्ती आणि अवजड सामान याच किल्ल्यात उदाजीरामाच्या हवाली केले होते.

त्या उदाजीरामाच्या, म्हणजे माहूरच्या देशमुखांच्या घराण्यातली सावित्रीबाई इतिहासाला 'रायबागन' या किताबाने ठाऊक आहे. घराण्याची देशमुखी तिने स्वतः तलवार हाती घेऊन राखली आणि औरंगजेबाकडून हा किताब मिळवला. 1661 साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली, तेव्हा ती मोगलांच्या बाजूने तिथे हजर होती. या वाटेने येण्यात चूक झाली, आता शरण जाण्यातच शहाणपण आहे, असे तिने खानाला सुनावल्याचे 'शिवभारत' सांगते. डोंगरात वाढलेल्या बाईला खिंड म्हणजे काय, हे खानापेक्षा अधिक कळत असणार. ती शत्रुपक्षात होती म्हणून आपल्याकडे तिची आठवण जरा हात राखूनच काढली जाते.

बहुतेकांना माहूर ठाऊक आहे ते रेणुकामातेचे. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी हे एक पूर्ण पीठ असून गाभाऱ्यात देवीचा केवळ शेंदूरचर्चित मुखवटा, म्हणजे तांदळा आहे. देवीचा प्रसाद तांबुलाचा. देवळाच्या पायऱ्यांलगतच्या दुकानांत विड्याची पाने खलात कुटली जात असतात. कात आणि बडीशेप मिसळली की त्यांचा लालसर, ओलसर गोळा होतो आणि तो भाविकांच्या हातावर ठेवला जातो. शेजारच्या शिखरावर दत्तात्रेयांचे स्थान आहे. महानुभाव पंथातही माहूरला मोठा मान आहे, कारण पंथाच्या पाच कृष्णांपैकी एक असलेल्या चांगदेव राऊळांना इथेच व्याघ्ररूपातल्या दत्तात्रेयांकडून शक्ती प्राप्त झाली, अशी त्या पंथाची धारणा आहे. याच परिसरात सोनापीर बाबांचा दर्गाही आहे.

यात्रेकरू देवदर्शन करून परततो, पण या डोंगरांचे खरे वेगळेपण आसपासच्या वस्त्यांत ऐकू येते. गोंडांचा गुडा, कोलामांचे पोड आणि बंजाऱ्यांचा तांडा ही नावेच निराळी, मग बोली तर निराळ्या असणारच. गोंडी आणि कोलामी या तेलुगूप्रमाणे द्रविड कुळातल्या भाषा आहेत, तर बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहत उत्तरेकडून आलेल्या बंजाऱ्यांची गोरमाटी राजस्थानी बोलींना जवळची आहे. आंध हा आदिवासी समाज मराठी बोलतो, बाजारात दखनी उर्दू कानावर पडते. घरी एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा वापरणारे मूल इथे नवलाचे नाही. मात्र घरची बोली पुस्तकात कुठेच भेटत नाही, तेव्हा पहिल्या इयत्तेतल्या कोलाम मुलाची जी कोंडी होते, तिच्याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही.

1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि पैनगंगा दोन राजवटींमधली सरहद्द बनली. पलीकडच्या काठावर इंग्रजी अंमल आला; अलीकडे निजामाच्या दरबारातली फारसी 1884 साली जाऊन तिची जागा उर्दूने घेतली. नदी उतारापुरती राहिली की पायी ओलांडता येई, पण सारा कुठे भरायचा आणि अर्ज कोणत्या लिपीत करायचा, हे काठ बदलला की बदलत असे. सोयरीक मात्र दोन्ही काठांवर होत राहिली.

1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तरी किनवट तालुका आणखी आठ वर्षे आदिलाबाद जिल्ह्यातच राहिला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला, आणि माहूर, जे तेव्हा किनवट तालुक्यातच होते, त्याच्यासोबत आले. अलीकडच्या काळात माहूरचा स्वतंत्र तालुका झाला. गावात रेल्वे आलेली नाही. रेल्वेने येणारा भाविक आजही किनवटला उतरून एसटीने घाट चढतो, आणि त्याला सोडून गाडी आदिलाबादकडे निघून जाते.