सात, दहा आणि तेरा: भावंडांना घरी विज्ञान शिकवताना

नमस्कार मंडळी. मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांपुढे जून उजाडला की एक प्रश्न हमखास येतो. विज्ञानाला प्रत्येक मुलाचं वेगळं पुस्तक घ्यायचं की सगळ्यांना एकत्र बसवायचं? वेगळी पुस्तकं घेतली तर धाकटीचं बी रुजवणं, मधल्याचं लोहचुंबक आणि थोरल्याची आम्लं एकाच सकाळी समोर येतात. तिघांचं सामान काढा, तिघांचा पसारा आवरा. श्रावण येईपर्यंत प्रयोग सुटतात आणि नुसतं वाचन उरतं. सरसकट एकत्र बसवलं तर थोरला कंटाळतो, नाहीतर धाकटी बघत राहते.

माझं सांगणं असं की इयत्ता बाजूला ठेवा आणि विषयाचा स्वभाव बघा. विज्ञानाचे काही भाग मोकळे असतात. प्राणी, वनस्पती, हवामान, खडक, आकाश, समुद्र यांत कुठूनही शिरता येतं. काही भाग पायऱ्यांचे असतात. अणू कळल्याशिवाय संयुजा, म्हणजे अणूची इतर अणूंशी जोडून घ्यायची क्षमता, कळत नाही, संयुजेशिवाय रासायनिक सूत्र म्हणजे नुसतं पाठांतर. मोकळे भाग भावंडांनी एकत्र करावेत, पायऱ्यांचे भाग ज्याने त्याने आपल्या वेगाने. बालभारतीची पुस्तकं चाळली तरी हे दिसतं. तिसरी ते पाचवीचा परिसर अभ्यास आणि सहावीचं सामान्य विज्ञान बरंचसं मोकळं आहे. सातवी-आठवीपासून पायऱ्या वाढत जातात.

बाजारात मिळणारे बरेच अभ्यासक्रम चक्राकार असतात: एक वर्ष जीवसृष्टी, एक वर्ष पृथ्वी आणि आकाश, मग रसायन, मग भौतिक, आणि पुन्हा पहिल्यापासून. भावंडांसाठी ही रचना चांगली, पण दोन गोष्टी आधी हिशेबात घ्या. चक्राची लांबी मुलांच्या वयातल्या अंतराइतकी असली तर थोरल्याचं पुस्तक धाकट्याला बरोबर त्याच वयात मिळतं. सात, दहा, तेरा अशी मुलं असतील तर तीन वर्षांचं चक्र नेमकं बसतं. दुसरी गोष्ट थोरल्याची. चार वर्षांच्या चक्रात भौतिक शेवटी आलं तर सात वर्षांची मुलगी दहाव्या वर्षी तिथे पोचते, पण तेरा वर्षांचा मुलगा सोळाव्या वर्षी. तोवर त्याची दहावी होऊन जायची. म्हणून चक्राची सुरुवात थोरल्याचं जे सगळ्यांत कच्चं आहे तिथून करा. धाकटीला क्रमाने काही फरक पडत नाही.

विकत घेण्याआधी मधलंच कुठलंही प्रकरण उघडा. पहिली प्रकरणं सगळीकडे सोपी आणि देखणी असतात. त्यातल्या प्रयोगांचं सामान लिहून काढा. घरात, वाण्याकडे किंवा तालुक्याच्या मेडिकलमध्ये न मिळणाऱ्या वस्तू निम्म्याहून जास्त निघाल्या तर तो अभ्यासक्रम ठेवून द्या, कितीही चांगला असला तरी. अमेरिकी अभ्यासक्रमात मोजमापं इंच आणि फॅरेनहाइटमध्ये असतात, आणि ऋतू चार. आपल्याकडे कोकणात जून ते सप्टेंबर पाऊस, तेव्हाच सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावर, खळग्यांतून फुलं आणि बेडूक. समुद्राकडे जायचे दिवस त्यानंतरचे. वेळापत्रक आपल्या ऋतूंवर फिरवता येत नसेल तर ते इथे चालणार नाही. सगळा धडा व्हिडिओवर असेल तर पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क गेलं की शिक्षणही थांबतं. छापील पुस्तक हाताशी हवंच.

आता एकत्र घ्यायचा भाग प्रत्यक्षात कसा दिसतो ते भरती-ओहोटीवरून बघू. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरनंतर घ्या. तीन मीटरचा सरळ बांबू, त्यावर दर १० सेंटीमीटरला ऑइलपेंटचे आलटून पालटून पट्टे. तो वाळूत रोवू नका, लाटेने हलतो आणि आदल्या दिवशीचं शून्य उरत नाही. जेटीच्या खांबाला मोठ्या माणसाने ओहोटीच्या वेळी घट्ट बांधावा. जागा खाडीच्या मुखाजवळची हवी. आत काही किलोमीटरवर पाणी उशिरा चढतं आणि भरतीच्या छापील वेळांशी मेळ बसत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंत, म्हणजे सुमारे सहा तास, दर अर्ध्या तासाने नोंद करायची. लाटांमुळे आकडा नाचतो, म्हणून लागोपाठच्या दहा लाटांची सर्वांत वरची आणि सर्वांत खालची खूण बघून मधला आकडा घ्या.

धाकटी खांबावर कुठल्या उंचीला काय चिकटलंय ते काढते: कालवं कुठवर, गोगलगायी कुठवर, शेवाळ कुठे संपलं. मधला आपल्याकडचा जुना हिशेब तपासतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पंधरवडाभर कॅलेंडरवरच्या तिथीसमोर भरतीची खरी वेळ मांडली की हिशेब कुठे जुळतो आणि कुठे मागे पडतो ते दिसतं. थोरला आलेख काढतो. भरती रोज पाऊण तासाने नाही, साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे त्याला आकड्यांतून सापडलं पाहिजे. मग अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण (मोठी भरती) आणि अष्टमीच्या सुमारास भांग (लहान भरती) का, हा प्रश्न तोच विचारतो, आणि गुरुत्वाकर्षणाचं प्रकरण उघडायची वेळ तीच.

समुद्राच्या पाण्यातलं मीठ मोजणं तिघांनाही आवडतं, पण बहुतेक घरांत आकडा चुकतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पुस्तकं २०० मिलिलिटर घ्यायला सांगतात, म्हणजे हाती ७ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यात १ ग्रॅमची चूक झाली तरी उत्तर १४ टक्क्यांनी बिघडतं. म्हणून पूर्ण लिटर घ्या. पाणी निम्मं होईपर्यंत स्टीलच्या पातेल्यात आटवा, मग उरलेलं परातीत उन्हात ठेवा. शेवटपर्यंत चुलीवर ठेवलं तर मीठ तडतडून बाहेर उडतं. लोखंडी कढई नको, गंज मिठात मिसळतो. मीठ सुकलं की लगेच वजन करा, कारण त्यातले मॅग्नेशियमचे क्षार हवेतली ओल ओढतात आणि आकडा फुगतो. हेच पाणी ऑगस्टमध्ये खाडीतून आणलंत तर मीठ कितीतरी कमी भरेल. ही तुलना कुठल्याही पुस्तकात दिलेली नसते, आणि तिघांनाही ती कळते.

पर्जन्यमापकाबद्दल इतकंच. दोन लिटरच्या बाटलीचा तळ वाकडा असतो, म्हणून सरळ बाजू सुरू होईपर्यंत पाणी भरून तिथे शून्य धरा. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, तीच वेळ ठेवा. अतिवृष्टीच्या दिवशी कधी कधी २०० मिलिमीटरच्या वरही पाऊस पडतो आणि बाटली भरून वाहते. अशा दिवसांत संध्याकाळीही मोजून रिकामी करा.

एकत्र बसताना एक शिस्त फार महत्त्वाची वाटते: आधी धाकट्याने बोलायचं. थोरला उत्तर देऊन मोकळा झाला की बाकीच्यांचं बघणं तिथेच संपतं. थोरल्याला कायमचा मास्तरही करू नका. धाकटीला समजावताना त्याचं पक्कं होतं हे खरं, पण त्याच्या स्वतःच्या पायऱ्यांसाठी आठवड्यातून तीन वेळा पाऊण तास, दार लावून, राखून ठेवलाच पाहिजे. एकत्र तास आठवड्यातून दोन पुरेत.

तेराव्या वर्षानंतर थोरल्याची वाट परीक्षेकडे वळते, आणि अभ्यासक्रम निवडताना ती आधीच ठाऊक असावी. राज्य मंडळाकडून १७ नंबरचा, म्हणजे खाजगी विद्यार्थ्यांचा, फॉर्म भरून दहावीला बसायचं तर विज्ञानाचे दोन भाग, ४०-४० गुणांचे, आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीलाच आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची दहावी मराठीतून देता येते. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, आणि नोंदणी पाच वर्षं चालते. घाई करायची गरज नसलेल्या मुलांना ती जास्त सोयीची. दोन्हींकडे प्रात्यक्षिकाचे गुण आहेत, म्हणून भरतीचा आलेख, मिठाचं वजन, पावसाच्या नोंदी हे सगळं तारीख, साहित्य, कृती, निरीक्षण आणि चुकांची कारणं अशा क्रमाने एकाच जाड वहीत लिहायची सवय मुलांना बाराव्या वर्षापासून लावा. सुट्या कागदांवर लिहिलं तर पावसाळ्यात बुरशी धरते.