राखण, निगा, पाळत

मंडळी, गावाला जाताना आपण शेजारणीला सांगतो, "जरा घराकडे लक्ष असू द्या." परत आल्यावर तीच म्हणाली, "मी तुमच्या घरावर लक्ष ठेवून होते," तर कुठेतरी खटकतं. 'लक्ष' तेच, फक्त 'कडे'चं 'वर' झालं. पहारा, पाळत, करडी नजर, सगळं माणसा'वर' ठेवलं जातं. निगा मात्र माणसा'ची' राखायची, सांभाळायचं, जपायचं माणसा'ला'. "आईला कोण बघतं?" असं कुणी विचारतं, तेव्हा त्या 'बघतं'मध्ये औषध, आंघोळ, भरवणं सगळं आलेलं असतं. अपवाद आहे. "देवा, लेकरांवर लक्ष असू दे." वरून बघणाऱ्यावर एवढा भरवसा आपण देवाच्याच बाबतीत टाकतो, असं मला वाटतं.

'निगा'चा प्रवास मला फार आवडतो. फारसीत 'निगाह' म्हणजे नजर. मराठीत ती नुसती बघत बसली नाही, कामाला लागली: केसांची निगा, बाळंतिणीची निगा. तिचंच भावंड 'निगराणी' मात्र कॅमेऱ्याखालच्या पाटीवर जाऊन बसलं.

आता 'राखणे'. संस्कृत 'रक्ष्' धातूतून आलेलं हे क्रियापद शेतात ऐकावं. पोरगं गुरं राखतं, म्हणजे गुरांना जपतं. गुरं राखणारा तो गुराखी. ज्वारी हुरड्यात आली की तेच पोरगं पाखरं राखायला जातं. इथे जपायचं असतं कणीस, आणि पाखरं हाकलायची असतात! एकाच क्रियापदाला एकदा ज्याला वाचवायचं तो जोडलाय, एकदा ज्याच्यापासून वाचवायचं तो. तरी ऐकणाऱ्याचा कधी घोटाळा होत नाही. कारण दोन्हीकडे मुख्य गोष्ट तिथे असण्याची आहे. दिवस उगवायच्या आत माळ्यावर चढायचं, गोफण फिरवायची, घसा बसेपर्यंत ओरडायचं. घरी बसून राखण होत नाही.

रात्रीच्या राखणीला 'जागल' म्हणतात, आणि गावाची राखण करणारा तो जागल्या. या नावात डोळा नाही, हत्यार नाही. इतर झोपलेले असताना हा जागा आहे, एवढंच आहे. हे काम वतनाचं होतं, म्हणजे गावाची सेवा पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्याच्या गळ्यात. मुंबई राज्याने 1958 साली कायदा करून अशी कनिष्ठ ग्रामवतनं रद्द केली. तो वतनाचा जाच गेला ते योग्यच झालं. पण शब्द टिकला. आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्याला आज वर्तमानपत्रं 'जागल्या' म्हणतात. यापेक्षा नेमका शब्द मला सुचत नाही.

माझी आई दवाखान्यात होती, तेव्हा कागदावर 'देखरेखीखाली' असं लिहिलेलं होतं. त्याने थोडा धीर आला, नाही असं नाही. पण गावाकडून मावशीचा फोन आला. तिने देखरेखीचं काही विचारलं नाही. तिचा प्रश्न होता, "रात्री उशाशी कोण असतं गं?"