उद्याचा वारा आज विकताना

मध्य युरोपीय वेळेनुसार दुपारचे १२. युरोपात उद्याच्या विजेच्या आगाऊ लिलावाच्या बोली बंद झाल्या. उद्या रात्री ११ ला वारा किती असेल याचा अंदाज पवनप्रकल्पांनी ३५ तास आधीच बांधला, त्यावर वीज विकूनही टाकली.

आणि वाऱ्यातली शक्ती बदलते वेगाच्या घनाने. सेकंदाला ८ मीटर धरला आणि वारा ७ चाच आला, तर वीज एक तृतीयांशाने घटते. वादळात आणखी वेगळं संकट: वेग २५ मीटरच्या आसपास गेला की पवनचक्क्या स्वतःला वाचवायला थांबतात. वादळ येणार हे सहसा आधी कळलेलं असतं, चुकतो तो तास.

म्हणून सौदा वाऱ्याच्या जवळ न्यावा लागतो. जर्मनीत एकाच नियंत्रण क्षेत्रातले, म्हणजे एकाच ग्रिडचालकाच्या हद्दीतले, सौदे पुरवठ्याच्या ५ मिनिटं आधीपर्यंत चालतात.

शिवाय तास हे मापच मोठं. समजा, तासाभरात उत्पादन ४०० वरून ८०० मेगावॉटवर सरळ चढलं. सरासरी ६००, विकलेही ६००. हिशेब चोख! पण पहिल्या पावतासात हाती असतात ४५०, शेवटच्या पावतासात ७५०. आधी १५० ची तूट, मग १५० चा पूर, आणि दोन्ही निस्तरायचे ग्रिडचालकाने, महागड्या राखीव विजेवर. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपातला आगाऊ लिलावही १५ मिनिटांच्या मापाने होतो, तो यासाठीच.

राहिले उणे दर. मध्यरात्री मागणी कमी, वारा जोरात, दर शून्याखाली. खापर वाऱ्यावर फुटतं. पण कोळशाचा संच ठरावीक मर्यादेखाली उतरत नाही. बंद केला तर पुन्हा पेटवायला कित्येक तास जातात, तेल जळतं, आणि बॉयलरच्या जाड धातूला तापण्या-निवण्याचा ताण बसतो तो वेगळाच. त्यापेक्षा पदरचे पैसे देऊन वीज खपवलेली परवडते. वाराही अगदी निर्दोष नाही: युनिटमागे अनुदान मिळत असेल, तर उणे दर त्या अनुदानाला गिळेपर्यंत प्रकल्प चालूच ठेवला जातो. खरं तर पाती वळवून उत्पादन उतरवायला त्याला काही सेकंद पुरतात. उणे दराच्या काळात अनुदान थांबवणारा करार केला, की हेच उतरणं विकायची गोष्ट होते. डेन्मार्कमध्ये पवनप्रकल्प संतुलन बाजारात, म्हणजे ग्रिडचालक ऐनवेळची तूट-पूर जुळवतो त्या बाजारात, उत्पादन कमी करण्याचीही बोली लावतात.