‘पहिले’ की ‘सर्वात जुने’? ‘मुंबई समाचार’ची गोष्ट

नमस्कार. ‘मुंबई समाचार’वर बोला, असा आग्रह आपल्यापैकी अनेकांनी केला, म्हणून आजचा विषय तोच. जन्मकथा चटकन सांगतो: फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ मध्ये मुंबईत छापखाना काढला, १८१४ मध्ये गुजराती पंचांग छापले आणि १ जुलै १८२२ रोजी हे गुजराती साप्ताहिक सुरू केले.

आता मुद्द्याचे. मागे एकदा मी स्वतःच त्याला ‘आशियातील पहिले वृत्तपत्र’ म्हणून गेलो आणि प्रेक्षकांनी मला योग्य शब्दांत झापले. कोलकात्यात हिकीचे ‘बेंगाल गॅझेट’ १७८० मध्येच निघाले होते. मात्र ते १७८२ मध्ये बंद पडले. ‘मुंबई समाचार’चा मान आहे तो आशियात अखंड निघत असलेल्या सर्वात जुन्या वृत्तपत्राचा. त्यातला ‘अखंड’ हा शब्द कृपया गाळू नका.

यावर एका प्रेक्षकाने रागाने विचारले, “मग आमच्या ‘दर्पण’चे काय?” बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र, ६ जानेवारी १८३२ चे, पण ते १८४० मध्ये थांबले. पुण्याच्या ‘ज्ञानप्रकाश’ने तर १८४९ ते १९५१ अशी शंभरी ओलांडली, तरीही ते आज निघत नाही. यात कोणाचाही अपमान नाही, मोजपट्टी वेगळी आहे, एवढेच.

आणखी एक आक्षेप असा की मालक बदलले, मग अखंडता कसली? साप्ताहिकाचे १८३२ मध्ये अर्धसाप्ताहिक झाले, १८५५ मध्ये दैनिक झाले आणि १९३३ पासून ते कामा कुटुंबाकडे आहे, हे सारे खरे. परंतु अखंडता मोजायची ती अंकांच्या परंपरेवरून, मालकाच्या आडनावावरून नव्हे.

राहिला प्रश्न पोहोचीचा. मुंबईत गुजराती पत्र टिकलेच कसे, असे विचारणारे विसरतात की पारशी, बोहरा, खोजा आणि भाटिया असे निरनिराळ्या धर्मांचे व्यापारी याच भाषेत व्यवहार करीत. सुरुवातीच्या अंकांत जहाजांची ये-जा, मालमत्तेची विक्री आणि व्यापाराच्या बातम्या असत. ज्याचा माल बंदरावर उतरायचा होता, त्याला हा अंक चाळल्याशिवाय गत्यंतर नव्हते.