गोळी लग्नाच्या यादीत हवी

(कोल्हापुरात महिलांच्या मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

इथं बसलेल्यांपैकी सासू झालेल्या किती जणी आहेत? जरा हात वर करा. बऱ्याच आहेत की! बरं झालं, कारण आजचं बोलणं सुनांपेक्षा तुमच्यासाठीच जास्त आहे.

विषय साधा आहे. फॉलिक ॲसिडची गोळी. स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि तरीही माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक मुली ती उशिरा सुरू करतात. गोळी नको म्हणतात असंही नाही. आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

आता उशीर म्हणजे काय ते बघा. पाळी चुकते. घरात म्हणतात, "आठ-दहा दिवस थांबून बघू." मग मेडिकलमधून किट आणायचं, मग माहेरी कळवायचं, अमावस्या गेली की दवाखान्यात जायचं. तोवर दुसरा महिना सरत आलेला असतो. पण गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बाळाच्या पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि मेंदू ज्यातून घडतो ती नळी मिटलेली असते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात तोच ते काम संपलेलं असतं. पेशी त्या काळात भराभर वाढतात आणि त्यासाठी त्यांना फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचंच अन्नातलं रूप, लागतं. नळी खालच्या बाजूला उघडी राहिली तर बाळाच्या कण्यात भेग राहते. पायात ताकद नसणं, लघवीवर ताबा नसणं असं कायमचं दुखणं मागं लागतं. वरच्या बाजूला उघडी राहिली तर कवटी आणि मेंदूच नीट बनत नाही. असं बाळ जगत नाही.

सोनोग्राफीत हे दिसल्यावर समोरच्या मुलीला काय सांगायचं? त्या वेळी गोळी लिहून दिली तरी झालेलं मागं फिरत नाही.

या गोळीची गोष्ट आपल्या मुलखातूनच सुरू होते. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक वेगळाच ॲनिमिया व्हायचा, त्यात रक्तपेशी आकारानं मोठ्या दिसायच्या. बाई परळच्या हाफकिन संशोधन संस्थेत माकडांवर प्रयोग करत होत्या. त्यांनी मार्माइट देऊन पाहिलं, म्हणजे यीस्टचा तो खारट काळा लगदा, आणि गुण आला. बायकांनाही आला. १९३१ साली त्यांनी हे छापलं. त्यातलं नेमकं द्रव्य कोणतं हे कळायला आणखी दहा वर्षं गेली. अमेरिकेत चार टन पालकातून ते वेगळं काढलं. आपण पालकाची जुडी निवडायला कंटाळतो.

तोवर हे औषध गरोदरपणातल्या रक्तासाठी होतं. 'गरोदर राहण्याआधी' ही गोष्ट पक्की झाली ती १९९१ साली. सात देशांत मिळून एक मोठा अभ्यास झाला. आधीचं बाळ असा दोष घेऊन आलं होतं अशा बायकांना दिवस जाण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तर दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. पुढच्याच वर्षी हंगेरीतल्या अभ्यासानं दाखवलं की आधी काही झालेलं नसलं तरी फायदा होतो. सगळे दोष टळतात असं मी म्हणणार नाही. पण बरेच टळतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की लग्नाच्या याद्या करायला बसता ना, मानपान, जेवण, बांगड्या सगळं लिहिता, त्यातच ही गोळी लिहा. रोज ४०० मायक्रोग्रॅम. मूल हवं असं ठरल्यापासून, निदान महिनाभर आधी, जमल्यास दोन-तीन महिने आधी. आणि दिवस गेल्यावर पहिले तीन महिने. 'अजून ठरलं नाही' म्हणणाऱ्या जोडप्यांकडं पेढे अचानक येतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

परवा एक मावशी सुनेला घेऊन आल्या. मी गोळी लिहिली तर म्हणाल्या, "अवो, अजून दिस गेल्यात का न्हाई तेच ठावं न्हाई, आन् गोळी कशाला? उष्ण पडंल की!" फॉलिक ॲसिड उष्ण नाही. त्यानं बाळ फार मोठं होत नाही, सिझेरियन लागत नाही, रंग काळा पडत नाही. मळमळ, काळी शौच हे त्रास लोहाच्या गोळीचे, त्याचा आळ हिच्यावर येतो. ती लाल गोळी वेगळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती चौथ्या महिन्यापासून रोज १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची. ती चहाबरोबर गिळू नका, लोह अंगी लागत नाही. लिंबूपाणी चालेल.

"आम्ही मेथी, चाकवत, हरभरा सगळं खातो की," असं कुणीतरी म्हणणारच. खा, जरूर खा. मिसळीतल्या मटकीतही फोलेट आहे, म्हणून रोज मिसळ हा उपचार नव्हे. फोलेट पाण्यात उतरतं आणि उष्णतेनं नासतं. भाजी उकडून पाणी पिळून टाकलं की त्याबरोबर बरंच गेलं. त्या पहिल्या आठवड्यांची गरज नुसत्या ताटातून भागेल असा भरवसा धरता येत नाही.

आणखी एक, आणि हे कोल्हापूरकरांना पटत नाही. बी-१२, म्हणजे मटणासारख्या पदार्थांतून मिळणारं जीवनसत्त्व. तांबड्या-पांढऱ्याच्या गावात ते कुणाला कमी पडणार? पण घरातल्या बाईच्या ताटात बघा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, श्रावण धरून ती कितीदा मटण खाते? आणि खाते तेव्हा वाटीत रस्सा येतो, फोडी बाकीच्यांना जातात. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड भरपूर घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. पुण्याच्या एका अभ्यासात, आईचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असलेल्या मुलांमध्ये पुढं इन्सुलिनला दाद न देण्याचा कल दिसला. हातापायाला मुंग्या येत असतील, शुद्ध शाकाहारी असाल, तर बी-१२ तपासून घ्या.

प्रश्न आला आहे, की मेडिकलमध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी देतात, ती चालेल का? ती ४०० मायक्रोग्रॅमच्या बारापटीहून जास्त आहे. आधीच्या बाळाला असा दोष असेल, फिटची औषधं चालू असतील, तर मोठा डोस लागतो, पण तो डॉक्टरांनी ठरवायचा. मधुमेह असला तरी आधी विचारा. बाकीच्यांना एवढ्याची गरज नाही. पाकिटावर मिलिग्रॅम लिहिलंय की मायक्रोग्रॅम ते वाचा, कळलं नाही तर पाकीट घेऊन या. आणि हो, पाळी चालू असतानाही गोळी थांबवायची नाही.